१४ वर्षांची काळी सिटी, अंगभर कोळ्याचं जाळं: घासावी की रंगवावी?

वाटसरू मुलुंडचा
८ नोव्हेंबर, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. काकांची २०११ ची होंडा सिटी दिवाळीनंतर माझ्याकडे आली. काका आता पुण्याला मुलीकडे राहायला गेले, म्हणाले विकली तर भंगारच्या भावात जाईल त्यापेक्षा तूच फिरव. इंजिन मक्खन आहे, ५८ हजार किलोमीटर फक्त, एसी अजून दात वाजवतो. दुखणं आहे ते रंगाचं. क्रिस्टल ब्लॅक पर्ल. म्हणजे काळा. दादरला हिंदू कॉलनीत झाडाखाली १४ वर्षं उभी आणि रोज सकाळी गाडी पुसणारा एका बादलीत बुडवलेलं एकच फडकं सगळ्या अंगावरून फिरवून जायचा.

सावलीत बघाल तर म्हणाल काय वाईट आहे. उन्हात काढली की बॉनेटवर कोळ्याने संसार थाटलाय. रात्री पार्किंगमध्ये मोबाईलचा टॉर्च मारून बघितला तर टॉर्चभोवती गोल गोल बारीक रेघा, टॉर्च सरकवला की जाळं पण बरोबर सरकतं, भुताटकीच. त्याशिवाय डाव्या मागच्या दारावर कोणीतरी किल्लीने ओढलेली दीड फुटी रेघ, मागच्या बंपरवर पिवळा पट्टा (काळी-पिवळी घासून गेलेली दिसतेय) आणि टपावर पक्ष्यांच्या शिटेचे पाच पांढुरके डाग जे धुऊन जात नाहीत.

तीन ठिकाणी विचारलं. एक म्हणाला रबिंग-पॉलिश १८०० रुपये, तासाभरात घेऊन जा. दुसरा काचेच्या दारांचा स्टुडिओ, त्याने कॉफी पाजली आणि करेक्शन (मशीनने घासून चरे काढणं) प्लस सिरॅमिक (वरून संरक्षक लेप) ३२ हजार सांगितले. तिसरा पेंटर, तो म्हणाला कशाला घासताय साहेब, अख्खी गाडी मारून देतो ४५ मध्ये, नवीकोरी. माझं डोकं गरगरायला लागलंय. मशीन आणून स्वतःच केलं तर जमेल का? ड्रिल मशीनने भिंतीला भोक पाडण्यापलीकडे अनुभव शून्य आहे आणि ती भोकं पण वाकडी आलेली आहेत.

शंकेखोर
८ नोव्हेंबर, रात्री ११.५२

पुढच्या वर्षी १५ पूर्ण होणार. आपल्याकडे दिल्लीसारखा जुन्या गाड्यांवर बंदीचा प्रकार नाही हे खरं, पण आरटीओत फिटनेस, पाच वर्षांचं नूतनीकरण, वर पर्यावरण कर. ज्या गाडीचे दीड लाख येणार नाहीत तिला ३२ हजारांची फेशियल कशाला?

रुईया कट्टा
९ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

टूथपेस्ट लाव. आमच्या मामाने लावली होती. चरे गेले नाहीत पण गाडीला पुदिन्याचा वास यायचा. (हलके घ्या.)

रंगारी
९ नोव्हेंबर, दुपारी २.३०

१९ वर्षं या धंद्यात आहे, आधी बॉडीशॉपच्या बूथमध्ये, आता ठाण्यात स्वतःचा गाळा. गाळ्याचं नाव विचारू नका, लगेच जाहिरात म्हणतील.

पहिलं सांगतो, पेंटरला नाही म्हण. कंपनीचा रंग उघड्या बॉडीवर १४० डिग्रीच्या आसपास भाजलेला असतो. आमच्या बूथमध्ये पूर्ण गाडी उभी असते, वायरिंग, रबर, प्लास्टिक सगळं आत, त्यामुळे ६०-८० च्या वर जाताच येत नाही. हाताने मारलेला रंग कितीही चांगला असला तरी त्या जातीचा होत नाही. आणि ४५ हजारात अख्खी गाडी मारणारा दारं-काचा खोलत नाही, टेप लावून मारतो, वर्षभरात रबराच्या कडेने पापुद्रा सुटायला लागतो.

आता रंग म्हणजे काय ते समजून घे. पत्र्यावर गंजाला अडवणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर, आम्ही लॅकर म्हणतो. सगळं मिळून १०० ते १२० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन. लॅकर एकटं धर ३५ ते ५०, म्हणजे केसापेक्षाही पातळ. तुझं जाळं त्या लॅकरच्या वरच्या कातडीत आहे, काळ्या रंगापर्यंत पोचलेलंच नाही. रेघा खरं तर सगळ्या दिशांना आहेत, पण ज्या उजेडाला आडव्या पडतात तेवढ्याच चमकतात म्हणून गोल दिसतं. टॉर्च हलला की दुसऱ्या रेघा चमकतात. भूत वगैरे नाही.

लोकांना वाटतं पॉलिशने चरा भरतो. भरत नाही. चऱ्याच्या आजूबाजूची जमीन घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतो, बस. सहाणेवर चंदनाचं खोड उगाळतो तसं आहे, फक्त खोड वीतभर असतं आणि लॅकर केसाच्या अर्ध्याएवढं, ते १४ वर्षांत आधीच कोणी किती उगाळलंय तुला माहीत नाही. म्हणून १८०० वाल्याकडे तर अजिबात जाऊ नकोस. तो गोल फिरणाऱ्या मशीनला लोकरीचं पॅड लावून भसाभस चालवणार, वर तेलकट ग्लेझ थापणार, चरे त्यात बुडतात, गाडी आरशासारखी दिसते, तू खूश होऊन पैसे देतोस. चार-पाच धुण्यात तेल जातं आणि जाळं परत, शिवाय वर मशीनचे सावलीसारखे पट्टे, ज्याला हॉलोग्राम म्हणतात.

आज दोन गोष्टी कर. किल्लीच्या रेघेवर आडवं नख फिरव, अडकतं का बघ. मग तिच्यावर पाणी मार. ओली असताना जेवढी रेघ गायब होते तेवढी लॅकरमधली. जिथे पांढरी-करडी दिसत राहते तिथे प्रायमर आलाय. पत्रा चमकला तर लगेच टच-अप कर, मुंबईची हवा वाट बघत नाही.

वाटसरू मुलुंडचा
९ नोव्हेंबर, रात्री ९.४०

रंगारीभाऊ, दंडवत. पाणी मारून बघितलं. दीड फुटातली दोन्ही टोकं गायब होतात, मधली चारेक इंच करडी राहते, आणि नख बरोब्बर तिथेच अडकतं. किल्लीवाल्याने मधे जोर दिलेला दिसतोय. बायको बाजूला उभी राहून म्हणाली, रात्री नऊ वाजता गाडीला पाणी मारून नखं कसली फिरवतोयस.

चिऊताई
१० नोव्हेंबर, सकाळी १०.१५

माझी पण शंका याच धाग्यावर विचारते. वॅगन आर, चंदेरी, २००९. जाळं वगैरे काही दिसत नाही पण टपावर नकाशासारखे पांढरे भाग झालेत, कडेला नखाने काढलं तर सापाच्या कातीसारखं सुटतं. हे बफिंगने जाईल का? शेजारचे म्हणतात रॉकेलने पूस, चमक येईल.

रंगारी
१० नोव्हेंबर, दुपारी १.१०

चिऊताई, नाही जाणार. ते लॅकर उन्हाने मेलंय, जे उरलं नाही ते घासणार काय? बफिंग केलंत तर पापुद्रा आणखी उडेल आणि खालचा रंग उघडा पडेल. टप एकटा रंगवून घ्या, नीट घासून प्रायमर मारून. चंदेरी रंग चरे लपवतो म्हणून जाळं दिसत नाही, आहे ते पण. रॉकेलने, डिझेलने तेलाची ओल येते म्हणून दोन दिवस चमकते, मग धूळ चिकटते आणि रबरं फुगतात. आमच्या लहानपणी सगळे ट्रकवाले करायचे.

शंकेखोर
१० नोव्हेंबर, दुपारी ३.००

इन्शुरन्समधून का नाही करत?

खडूस काका
१० नोव्हेंबर, सायंकाळी ६.२०

कारण हिशोब जमत नाही. अंगभर जाळं ही झीज, त्याला विमा नसतोच. किल्लीची रेघ एक घटना, बंपर दुसरी घटना, म्हणजे दोन क्लेम. १५०० सीसीपर्यंत प्रत्येक क्लेमला हजार रुपये खिशातून जातातच, रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के घसारा कापतात, आणि या वयाच्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापणारा विमा) सहसा कोणी देत नाही. एवढं करून पाच वर्षांत जमलेला ५० टक्के नो क्लेम बोनस शून्यावर येतो. मी केलेला आहे हा शहाणपणा एकदा, बंपरसाठी. पुढच्या वर्षीचा हप्ता बघून घरात तीन दिवस अबोला होता.

कोकणकन्या
११ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

मुलुंडला रुळांच्या बाजूला राहत असाल तर मशीन लावायच्या आधी एक गोष्ट नक्की करा. मी कांजूरमार्गला स्टेशनजवळ राहते, पांढरी गाडी, तिच्यावर मिरीपेक्षा बारीक नारिंगी ठिपके यायला लागले. मला वाटलं रंगातून गंज वर येतोय, रडायचीच बाकी होते. मग कळलं की लोकल गाड्यांच्या ब्रेकची आणि रुळांची लोखंडी धूळ उडून गाडीवर बसते, रंगात रुतते आणि मग ती धूळ गंजते, पत्रा नाही. आयर्न रिमूव्हर म्हणून स्प्रे मिळतो. मारला आणि दोन मिनिटांत पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ, एकदम आंबोलीतल्या जांभळाच्या झाडाखाली उभी केल्यासारखी. वास मात्र सडक्या अंड्यांचा, वॉचमन येऊन विचारून गेला गटार फुटलंय का. तुमची काळी आहे त्यामुळे जांभळं दिसणार नाही फारसं पण वास येईल म्हणजे काम चालू आहे समजा. ते तसंच ठेवून बफिंग केलंत तर तेच लोखंडाचे कण पॅडखाली फिरणार.

रंगारी
११ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

कोकणकन्या +१. रिमूव्हर ऊन नसताना मारा, वाळू देऊ नका. त्यानंतर क्ले बार. शाम्पूचं पाणी भरपूर मारून मातीचा गोळा हलक्या हाताने फिरवायचा. स्वच्छ झाली की प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोटं फिरवून बघ, पिशवीमुळे बारीक खडबड पण कळते. आणि एक नियम, क्ले जमिनीवर पडला की फेकून द्यायचा. धुवायचा नाही, पुसायचा नाही, फेकायचा.

वाटसरू, तुला सांगतो काय घ्यायचं. डीए मशीन, म्हणजे फिरता फिरता डुलणारं. रोटरी, म्हणजे नुसतं गोल फिरणारं, घेऊ नकोस, रोटरी नवशिक्याच्या हातात पाच सेकंदात कड जाळते. फोमची पॅडं पाच-सहा, एक कंपाउंड (जास्त घासणारी पेस्ट), एक बारीक पॉलिश, मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि मायक्रोफायबर दोन डझन. कंपाउंड ३एमचं घे, मेग्वायर्सचं घे, भारतीय वेवेक्सचं घे, पहिल्या गाडीला ब्रँडने नाही हाताने फरक पडतो. सीएसटी रोडला कुर्ल्यात सगळं मिळतं, फक्त मायक्रोफायबर तिथला सिग्नलवर मिळतो तसला घेऊ नकोस, कडेची शिलाईच चरे पाडते.

गेज माझ्याकडे आहे, ठाण्याला ये, रंगाची जाडी मोजून देतो. चहा तू पाजायचा.

रुईया कट्टा
११ नोव्हेंबर, दुपारी १.०२

टपावरच्या शिटेचं कोणी बोललंच नाही. दादरची गाडी, कबुतरं बंद केली तरी डाग राहिले, यावर...

खडूस काका
११ नोव्हेंबर, दुपारी १.१५

कबुतरखान्यावर वेगळा धागा आहे, ४०० प्रतिसाद झालेत, तिकडे जाऊन भांडा.

वाटसरू मुलुंडचा
१६ नोव्हेंबर, रात्री १०.३०

अपडेट. काल ठाण्याला जाऊन आलो. भाऊंनी गेज टेकवलं, बॉनेट १०४, ९८, १०१. टप ११०. दारं ११२ च्या आसपास. म्हणजे आधी कोणी फार उगाळलेलं नाही. मग उजव्या पुढच्या फेंडरवर टेकवलं आणि आकडा आला २६०. भाऊ काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. परत टेकवलं, २७४. खाली चाकाच्या कमानीजवळ ८०० च्या वर, म्हणजे आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

पुण्याला फोन लावला. काका आधी म्हणाले छे छे, गाडी कधी ठोकलीच नाही. मग म्हणाले तो गेज बरोबर असतो का रे. मग दोन मिनिटांनी, २०१४ ला सायनला बेस्टची बस... काकूला सांगू नकोस, तिला अजून माहीत नाही. ११ वर्षं लपवलेली गोष्ट एका काडेपेटीएवढ्या यंत्राने बाहेर काढली. (काकू इथे नाहीत ना कोणाच्या ओळखीच्या?)

बंपरवर गेज काहीच दाखवत नाही कारण ते प्लास्टिक, त्याला खाली धातू लागतो.

रंगारी
१७ नोव्हेंबर, सकाळी ९.००

फेंडर शेवटी कर आणि हलक्या पॉलिशने. बाहेर मारलेला रंग मऊ असू शकतो, जाडी जास्त म्हणजे लॅकर जास्त असं नसतं. तसाही होंडाचा काळा मऊच, फुंकर मारली तरी चरा पडतो असं आम्ही गमतीने म्हणतो. पण मऊ रंगाचा फायदा हा की चरे निघतात पण लवकर.

वाटसरू मुलुंडचा
२३ नोव्हेंबर, रात्री ११.४५

आज पहिला रविवार झाला. खांदा उचलत नाहीये म्हणून व्हॉइस टायपिंगने लिहितोय, चुका पोटात घाला.

आधी पाण्याचा गोंधळ. सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला बंदी, ती बरोबरच आहे. मागच्या नळाला बोअरचं पाणी येतं म्हणून त्याने दोन बादल्यांत धुतली, एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी फडकं खळबळायला. पुसेपर्यंत टपावर पांढरे ठिपके उमटले. भाऊंना फोन केला तर म्हणाले बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते काळ्यावर रांगोळी काढतात, घरातलं पालिकेचं पाणी वापर, तलावाचं मऊ पाणी आहे ते. मग पहिल्या मजल्यावरून चार बादल्या मीच उतरवल्या. तानसा-वैतरणाचं पाणी गाडीला घालताना जरा लाज वाटली, खरं सांगतो.

वीज घरातूनच, खिडकीतून एक्स्टेन्शन सोडली, सेक्रेटरी येऊन वायर कुठून येतेय ते बघून गेले.

क्लेचा गोळा अर्ध्या तासात तीन छटांनी काळा झाला. आणि हो, पडला. स्टिल्टच्या (बिल्डिंगखालच्या पार्किंगच्या) फरशीवर. मी आजूबाजूला बघितलं, कोणी नव्हतं, पाण्याखाली धरला आणि परत वापरला. डाव्या पुढच्या दारावर नवीन तीन समांतर रेघा. भाऊ, मारा मला.

मग मशीन. पॅडवर कंपाउंडचे वाटाण्याएवढे चार थेंब घेतले, मशीन हवेतच चालू केलं. बस. पांढरे शिंतोडे खांबावर, माझ्या चष्म्यावर आणि शेजारी उभ्या असलेल्या सेक्रेटरींच्या ॲक्टिवावर. आधी पॅड रंगाला टेकवायचं, मग चालू करायचं, हे ज्याने सांगितलं नाही त्याचं नाव मी घेत नाही.

रंगारी
२४ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

हे पण सांगायला लागतं का रे!

बाकी ऐक. दीड बाय दीड फुटाचा चौकोन धर, आधी आडवं मग उभं, सेकंदाला इंचभर, मशीनच्या वजनावर हाताचं थोडंसं वजन. पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ मार. ती फिरताना दिसली पाहिजे. रेघ जागेवर थरथरायला लागली म्हणजे तू जास्त दाबतोयस, मशीन डुलतंय पण फिरत नाही, घाम येईल पण चरा जाणार नाही. बॉनेटच्या कडा आणि अंगावरच्या धारा यांच्यावर टेप लाव, तिथे रंग सगळ्यात पातळ बसतो. दोन चौकोन झाले की पॅड ब्रशने झाडून घे. आधी एकाच चौकोनावर ट्रायल, बारीक पॉलिशने सुरुवात. त्याने काम होत असेल तर कंपाउंडला हात लावायचाच नाही.

वाटसरू मुलुंडचा
३० नोव्हेंबर, रात्री ९.१०

आज बॉनेटच्या मधोमध उभी टेप मारली आणि उजवा अर्धा केला. पॉलिशने साठ टक्के गेलं, मग कंपाउंड, मग परत पॉलिश. अडीच तास अर्ध्या बॉनेटला. टेप काढली आणि दहा मिनिटं नुसता बघत बसलो. वर स्टिल्टची ट्यूबलाइट आहे. डाव्या भागात तिचं प्रतिबिंब लोकरीच्या जाड दोऱ्यासारखं, भोवती करडं धुकं. उजव्या भागात तीच ट्यूब पट्टीने आखल्यासारखी, तिच्या टोकाची काळी जळलेली पट्टी दिसते, होल्डरवरचं कोळीष्टक दिसतं. आत खरोखर काळा रंग आहे हे मला आत्ता कळलं, इतके दिवस मी करड्या गाडीला काळी म्हणत होतो. पहिल्या मजल्यावरचे आजोबा संध्याकाळच्या फेरीत थांबले, वाकून बॉनेटमध्ये बघून भांग सारखा केला आणि पुढे गेले.

मग भाऊंचं ऐकून अल्कोहोलने पुसलं. दहा-पंधरा टक्के रेघा परत दिसायला लागल्या. तेल निघालं आणि खरं तोंड दिसलं. परत पॉलिश मारू का?

रंगारी
३० नोव्हेंबर, रात्री १०.००

नाही. उजेडात तीन फुटांवरून दिसतात का? नाही ना? मग सोड. शेवटच्या दहा टक्क्यांसाठी जेवढं लॅकर जातं तेवढ्यात पहिले नव्वद टक्के निघालेले असतात. ही गाडी तुला अजून पाच वर्षं वापरायची आहे, त्यात एकदा-दोनदा परत पॉलिश लागेल. त्या वेळी घासायला काहीतरी उरू दे.

शंकेखोर
१ डिसेंबर, सकाळी ११.३०

फोटो बघितला. मागे बोललेलं मागे घेतो. मशीन भाड्याने देणार का?

वाटसरू मुलुंडचा
७ डिसेंबर, रात्री ८.२०

तिसरा रविवार, बहुतेक संपलं. बंपरचा पिवळा पट्टा हा चराच नव्हता, टॅक्सीचा रंग आपल्या रंगावर चिकटलेला. हाताने कंपाउंड चोळलं, दहा मिनिटांत साफ, खाली दोन बारीक ओरखडे फक्त. याच पट्ट्यासाठी एकाने बंपर रंगवायचे चार हजार सांगितले होते.

शिटेचे पाचपैकी दोन डाग गेले, तीन फिके झाले पण आहेत. गोल कडा नखाला लागते, खड्डाच पडलाय तिथे.

किल्लीच्या रेघेची दोन्ही टोकं पॉलिशने गेली. मधल्या चार इंचांना टच-अप. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर रंगाचा कोड सापडला, एनएच-७३१पी, तो दाखवून कुर्ल्याला छोटी बाटली बनवून घेतली. बाटलीच्या झाकणातल्या ब्रशने मारायला गेलो तर शेवईएवढी जाड रेघ आली, लगेच पुसली आणि टूथपिकने भरलं. एक थर, तासभर थांबा, दुसरा थर, असे चार, मग क्लिअर. जवळून बघितलं तर दिसतं. चार पावलांवरून नाही दिसत. दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने (बारीक पॉलिश पेपर) लेव्हल करायचा मोह होतोय.

रंगारी
७ डिसेंबर, रात्री ९.०५

पेपर कपाटात ठेव. शिटेच्या डागांनाही हात लावू नकोस. उन्हात रंग तापून मऊ पडतो आणि आम्ल आत उतरतं, तो खड्डा सपाट करायला आजूबाजूचं सगळं तेवढं खाली आणायला लागेल. पुढे शीट दिसली की ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून उचलायची, कोरडी खरवडायची नाही.

कोकणकन्या
८ डिसेंबर, सकाळी ८.१५

आता वर सिरॅमिक मारणार का नुसतं वॅक्स? मला पण ९एच म्हणून सांगतायत, चरा पडतच नाही म्हणे.

रंगारी
८ डिसेंबर, दुपारी १.२५

मी स्वतः सिरॅमिक विकतो तरी सांगतो. ते ९एच म्हणजे पेन्सिलीच्या कडकपणाची मोजपट्टी आहे, हिऱ्याची नाही. पाणी टिकत नाही, धुवायला सोपं जातं, शिटेला थोडा जास्त वेळ तोंड देते, हे सगळं खरं. किल्ली, रिक्षाचं हँडल, धुळीचं फडकं यांच्यापुढे तिचं काही चालत नाही. चरे अडवायचे तर पीपीएफ, जाड फिल्म असते, दीडशे मायक्रॉनच्या वर, पण १४ वर्षांच्या गाडीला तो खर्च करा असं मी नाही म्हणणार. वाटसरू, सीलंट (वॅक्ससारखा संरक्षक थर) लाव, तीन-चार महिन्यांनी परत लाव. आणि मला सांग, उद्यापासून गाडी पुसणार कोण?

वाटसरू मुलुंडचा
१४ डिसेंबर, दुपारी ४.४०

भाऊ, हाच प्रश्न निघाला. आमच्या सोसायटीत पण गाड्या पुसणारे मामा आहेत, महिना सहाशे. मी त्यांना सहा मायक्रोफायबर आणि शाम्पूची बाटली दिली, दोन बादल्यांचं सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी बघतो तर माझा निळा मायक्रोफायबर सेक्रेटरींच्या ॲक्टिवावर आणि माझ्या बॉनेटवर तेच जुनं बनियन.

मी जरा चिडलोच. मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, साडेपाचला येतो, आठच्या आत २४ गाड्या. नळ एकच, तो पण बोअरचा. तुमच्या एका गाडीला दोन बादल्या तर बाकीच्यांच्या शेहेचाळीस कोण भरणार? आणि नाही पुसली तर वरून फोन येतो, गाडीवर धूळ आहे, पैसे कापतो." मला काही उत्तर सुचलं नाही. काकांच्या गाडीवर १४ वर्षं जाळं विणणाऱ्याचं गणित पण हेच असणार.

आता असं ठरलंय की मामांनी माझ्या गाडीच्या फक्त काचा आणि चाकं करायची, रंगाला हात लावायचा नाही, पैसे तेवढेच. बाकी रविवारी मी. मामा म्हणाले ठीक आहे, पण धूळ दिसली तर मला बोलायचं नाही.

चिऊताई
१४ डिसेंबर, सायंकाळी ७.१०

आणि काकूंना सायनचं कळलं का?

वाटसरू मुलुंडचा
१४ डिसेंबर, सायंकाळी ७.३५

काल आले होते दोघं. काकू गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, सगळी छान झालीय रे, हा उजवा फेंडरच जरा वेगळा काळा का दिसतो? काका ताबडतोब लघवीला गेले.